माझा अनुभव: बॉल पायथनचा ८३ दिवसांचा उपास

माझ्याकडच्या नर बॉल पायथनने, म्हणजे आफ्रिकेतल्या एका लहान जातीच्या अजगराने, घरी आल्यापासून ८३ दिवस अन्नाला तोंड लावले नाही. त्यांपैकी निदान ५० दिवस माझ्यामुळे वाढले, हे आज नोंदवही उघडली की स्पष्ट दिसते. त्याबद्दलचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. थोडा स्वतःवर आहे, पण बराचसा काचेवर चिकटवायच्या त्या गोल काट्याच्या तापमापकावर आहे.

पेटी, उबेचा दिवा, तो तापमानानुसार चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट, पाण्याचे भांडे ही तयारी विनासायास झाली. पहिला आठवडा मी सापाला हातही लावला नाही. आठव्या दिवशी फ्रीझरमधला उंदीर वितळवून चिमट्याने समोर धरला, तेव्हा त्याने वेटोळे आवळले आणि डोके मधोमध खुपसून घेतले. या जातीला ‘बॉल’ हे नावच या सवयीवरून मिळाले आहे, त्यामुळे मला त्याचे कौतुकही वाटले. कौतुक तिसऱ्या नकारापर्यंत टिकले. ज्यांच्याकडून तो घेतला त्यांनी ‘काहीही खातो’ असे सांगितले होते आणि मी त्यावर समाधान मानले. खरे तर लहान उंदीर (माउस) खातो की मोठा (रॅट), जिवंत की गोठवलेला, शेवटचे कधी खाल्ले आणि तेव्हा वजन किती होते, हे सारे त्याच वेळी विचारून लिहून घ्यायला हवे होते.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी त्याला नऊ वेळा उंदीर दाखवला. आज नाही तर परवा, रात्री नाही तर दुपारी, असा माझा खाक्या होता. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा प्राणी दिवस उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत काढतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. अशा प्राण्याच्या डोक्यावरचे छप्पर दर दोन दिवसांनी उचलून वरून हात घातला, तर त्याला त्यात जेवण दिसण्याऐवजी शिकारी दिसणार, हे मी वाचलेले होते. पण वाचलेले पाळण्याइतका धीर माझ्यात नव्हता. नाकारलेला उंदीर पुन्हा गोठवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रयोगामागे एक उंदीर फुकट गेला.

सातव्या आठवड्यात मी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी तोंड उघडून पाहिले, श्वासाचा आवाज ऐकला, खवल्यांमध्ये माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, नाहीत याची खात्री केली आणि विचारले, ‘उबदार बाजूचे तापमान किती असते?’ मी मोठ्या ऐटीत ‘३२’ म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि वाट पाहण्याचा सल्ला दिला. प्रौढ नर विणीच्या काळात काही महिनेही खात नाहीत, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. चूक माझ्या आकड्यात होती.

तो तापमापक काचेच्या वरच्या भागात, दिव्याजवळ चिकटवलेला होता आणि थर्मोस्टॅटचा सेन्सरही मी तिथेच लोंबकळत ठेवला होता. वरची हवा ३२ अंशांना पोहोचली की थर्मोस्टॅट इमानेइतबारे दिवा बंद करी, आणि साप ज्या लपणीत, म्हणजे लपायच्या आडोशात, बसलेला असे तिची जमीन मात्र गार राही. ६३व्या दिवशी, केवळ दुसरे काही सुचले नाही म्हणून, मी डिजिटल तापमापकाची वायर त्या लपणीत सरकवली. आकडा आला २६. सापाला अन्न पचवण्यासाठी लागणारी ऊब बाहेरूनच घ्यावी लागते, आणि ती मिळत नसताना त्याने उंदराकडे पाठ फिरवली यात हट्ट कसला होता? नऊ आठवडे मी त्याला हट्टी म्हणत होतो.

सेन्सर खाली लपणीपाशी आणला. लपणीही बदलली, कारण जुनी ऐसपैस होती आणि या सापाला दोन्ही कुशी भिंतीला टेकतील अशी अडचणीची जागा लागते. प्लॅस्टिकचे दोन सारखे डबे उपडे घालून एक उबदार आणि एक थंड बाजूला ठेवला, म्हणजे ऊब हवी तर आडोसा सोडावा लागणार नाही. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावला.

वजनाचे आधी सांगायला हवे होते. दर रविवारी मी त्याला स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर डब्यासकट ठेवत असे. सुरुवातीला वजन ६४० ग्रॅम होते, म्हणून दहा टक्के घट म्हणजे ५७६ या आकड्याखाली लाल रेघ ओढून ठेवली होती. सर्वांत कमी नोंद ६०३ची आहे. वजन वेगाने उतरू लागले, श्वास घरघरला, किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले, तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट वैद्य गाठावा. आणि उपाशी सापाजवळ जिवंत उंदीर रात्रभर सोडू नये. उंदीरच सापाला कुरतडतो.

सत्तराव्या दिवसाच्या सुमारास त्याचे डोळे निळसर झाले. कात येत होती, म्हणून मी प्रथमच काही दाखवले नाही. ७९व्या दिवशी सकाळी अखंड कात पाण्याच्या भांड्याला गुंडाळलेली सापडली, डोळ्यांवरच्या चकत्यांसह.

८३व्या दिवशी रात्री दहाला दिवे मालवले. उंदीर दिवसभर फ्रिजमध्ये वितळत होता. नंतर बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवला, कोरडा पुसला आणि त्याच्या डोक्यावर थोडा वेळ हेअर ड्रायरची हवा धरली. मायक्रोवेव्ह वापरू नये, उंदीर आत कुठे शिजतो, कुठे गारच राहतो. या सापाच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणारे खळगे असतात, त्यामुळे गार उंदीर त्याच्या लेखी नसल्यातच जमा.

लांब चिमट्याने उंदीर लपणीच्या तोंडाशी धरला आणि हलवला नाही. आधी नुसती जीभ बाहेर आली, लवलवली, थांबली. मग मान मागे सरून तिला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक आला. झडप मला दिसलीच नाही. चिमटा एकदम हलका झाला आणि डब्याच्या आत काहीतरी आपटले. पुढची वीस मिनिटे मी तसाच उघडा चिमटा हातात धरून उभा होतो. गिळून झाल्यावर त्याने दोनदा जांभई दिल्यासारखा जबडा ताणून जागेवर बसवला.

दोन दिवस त्याला हात लावला नाही. दहाव्या रात्री दुसरा उंदीर त्याने काही मिनिटांतच घेतला. तिसऱ्या खेपेला पुन्हा नकार मिळाला. उंदीर रात्रभर लपणीच्या तोंडाशी ठेवला, सकाळी टाकून दिला, वहीत ‘नाही’ लिहिले आणि पुढचे आठ दिवस पेटीकडे फक्त पाणी बदलण्यापुरता गेलो.