१९९५ चे नंबर वन आल्बम: जूनपर्यंत पोचलो

मंडळी, १९९५ मध्ये बिलबोर्ड २०० वर, म्हणजे अमेरिकेतल्या आल्बमच्या साप्ताहिक यादीत, जे जे आल्बम पहिल्या नंबरावर गेले ते त्याच क्रमाने मिळवायचे आणि ऐकायचे, हे काम आता वर्षाच्या मध्यावर आलंय. नियम तेच. माल त्या काळातला हवा, कॅसेट असो वा सीडी. भारतात निघालेली प्रत मिळाली तर उत्तम. आणि एकही गाणं वगळायचं नाही.

गार्थ ब्रुक्सचा 'द हिट्स', व्हॅन हेलनचा 'बॅलन्स' आणि स्प्रिंगस्टीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' ऐकून झाले. रॅपर टूपॅकच्या 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड'पाशी मात्र बरेच दिवस रेंगाळलो. मार्च १९९५ मध्ये तो आला तेव्हा टूपॅक तुरुंगात होता, आणि आल्बम थेट वर जाऊन बसला. 'डिअर मामा' आधी हजारदा कानावर पडलं होतं, पण आल्बममध्ये आजूबाजूला इतकी मरणाची भाषा चालू असताना ते येतं तेव्हा वेगळंच लागतं.

क्रमाने ऐकण्याचा खरा फायदा आता कळतोय. मे १९९१ पासून बिलबोर्ड दुकानातल्या बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजायला लागलं. त्याआधी दुकानदार फोनवर सांगतील त्यावर यादी ठरायची. मोजणी बदलल्यावर मोठ्या नावांचे आल्बम पहिल्याच आठवड्यात वर दिसू लागले. म्हणून १९९५ च्या यादीत मला जास्त मोलाचे वाटतात ते पायरी पायरीने चढलेले. लाइव्ह या बँडचा 'थ्रोइंग कॉपर' एप्रिल १९९४ चा, वर पोचला मे १९९५ मध्ये. हूटी अँड द ब्लोफिशचा 'क्रॅक्ड रिअर व्ह्यू' जुलै १९९४ चा, तोही त्याच मे महिन्यात. एकेक गाणं रेडिओवर रुजत गेलं आणि आल्बम वर सरकत राहिला. हूटीला पहिल्या नंबरावर एकूण आठ आठवडे मिळाले, तेही सलग नाहीत. मध्ये दुसरे येऊन गेले तरी हा परत वर! त्यांचा गायक डेरियस रकरचा तो भारदस्त, खालच्या पट्टीतला आवाज 'लेट हर क्राय'मध्ये ऐका, लोक वर्षभर का विकत घेत राहिले ते समजेल.

माझी हूटीची कॅसेट पुण्याच्या जुन्या बाजारातली. वाजवली तर आवाज दबका आणि हेलकावे खाणारा. उघडून पाहिलं, तर पितळी पट्टीवरचा फेल्टचा तुकडा गळून पडलेला. टेपला हेडवर दाबून धरायचं काम तोच करतो. जुना गोंद सुकला की तो सुटतो. ही कॅसेट पाच स्क्रूची होती म्हणून सोपं गेलं. एका रिकाम्या कॅसेटची पट्टी फेल्टसकट उचलून इथे बसवली. झाकण उघडताना कॅसेट आडवी ठेवा आणि दोन्ही चकत्या हलू देऊ नका, नाहीतर टेप रोलरवरून निसटते. झांजांचा आवाज लगेच स्वच्छ झाला.

जूनमधला मानकरी पिंक फ्लॉइडचा 'पल्स'. पहिल्या आवृत्तीच्या सीडीच्या खोक्याच्या कण्यावर लाल दिवा असतो, आत पेन्सिल सेल आणि छोटं सर्किट. दिवा नाडीसारखा उघडझाप करत राहतो. माझ्या हाती आलेल्या खोक्यात सेल फुटून पांढरी पूड साचली होती. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन टोकं पुसली, मग ओलसर कापडाने साफ करून पूर्ण वाळू दिली. नवा सेल घातला आणि दिवा लागला! ज्यांच्याकडे हे खोकं आहे त्यांनी आजच सेल काढून ठेवा. दुसऱ्या सीडीवर अख्खा 'डार्क साइड ऑफ द मून' प्रत्यक्ष मैफलीतला आहे. 'द ग्रेट गिग इन द स्काय' तीन गायिकांनी वाटून घेतलंय, ते मला मूळ ध्वनिमुद्रणाइतकंच आवडतं.

पुढचा मायकल जॅक्सनचा 'हिस्टरी'. एका सीडीवर जुनी १५ गाणी, दुसरीवर नवी १५. याच नावाच्या दौऱ्यात तो १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात गायला होता, त्यामुळे आपल्याकडे याच्या प्रती भरपूर असतील असा माझा अंदाज. तरी पुस्तिका शाबूत असलेली प्रत अजून दिसलेली नाही. पुढे गायिका सेलेनाचा 'ड्रीमिंग ऑफ यू': ३१ मार्चला तिची हत्या झाली आणि जुलैमध्ये निघालेला हा आल्बम पहिल्याच आठवड्यात वर गेला. त्यात स्पॅनिश गाणी बरीच आहेत, म्हणून मुद्दाम वेळ काढून, शब्द समोर ठेवून ऐकणार आहे.

ऑक्टोबरचा अॅलानिस मॉरिसेटचा 'जॅगेड लिटल पिल' सीडीवर आधीच मिळालाय, पण क्रम मोडायचा नाही म्हणून कपाटात आहे. भारतात निघालेली त्याची कॅसेट कोणाकडे असेल तर दोन्ही बाजूंची गाण्यांची यादी कळवा. सीडीच्या शेवटी, यादीत नाव नसलेलं, वाद्यांशिवाय गायलेलं एक गाणं आहे. ते कॅसेटवर आहे का, हे मला जाणून घ्यायचंय.