तिसऱ्यांना रफार

शीतकडी, म्हणजे भात आणि कालवण, जेवून झाल्यावर गोव्यातल्या दुपारी पाककृतींचं पुस्तक उघडतात ते रांधायला नव्हे, नुसतं चाळायला. बांगड्याच्या हुमणाच्या फोटोवरून नजर खुशाल पुढे सरकते आणि शेजारच्या पानावर ‘तिसर्यांचं सुकं’ दिसतं. तिसऱ्यांना रफार, म्हणजे य च्या डोक्यावर बसलेला र! जेवण झालंय म्हणून बरं.

असं पुस्तक छापायचं असेल तर फाँटची परीक्षा इथेच घ्यावी. तिसऱ्या, कैऱ्या, खोबऱ्याचं वाटण, घट्ट रस, लसूण, शेंगा एवढं एका ओळीत टाइप करून कागदावर छापून बघावं. अर्धा र चंद्रकोरीसारखा उमटला नाही तर आधी टंकन तपासावं: टिंबवाला ऱ, मग हलन्त, मग य. तरीही हट्ट सोडत नसेल तर त्या फाँटला नारळ द्यावा. ल आणि श हिंदी वळणाचे निघाले तर वाचता येतं, पण खुपतं.

गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला आणि इथलं १६१६चं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत असूनही रोमन अक्षरांत निघालं. ते खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला निदान रफाराची चिंता नव्हती.

‘तिरो देवनागरी मराठी’ हा फाँट प्रस्तावनेला शोभतो, पण त्यात ठळक वजन, म्हणजे अक्षराची जाड आवृत्तीच नाही. सॉफ्टवेअरकडून जबरदस्तीने जाड करून घेतला की ण, ष, क्ष यांची पोटं बुजतात. साहित्याच्या यादीला ‘मुक्त’ बरा, त्याची सात वजनं आहेत. ११ पॉइंटच्या अक्षराला १७ पॉइंटची ओळ द्यावी. इंग्रजीच्या सवयीने १३ दिली की वरच्या ‘घट्ट’चा पाय खालच्या ओळीतल्या अनुस्वारावर पडतो. हे पुस्तक ओट्यापासून हातभर लांब उभं असतं आणि वाचणाऱ्याचे हात हळदीचे असतात. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर ही देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय लावलेली नसली तर ‘मिरची’ची पहिली वेलांटी म च्या उजवीकडे जाऊन बसते.

सोलकढीच्या गुलाबी फोटोवर पांढरी अक्षरं टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तिथे पांढरं अक्षर म्हणजे शाईत सोडलेली मोकळी जागा. छापताना रंग केसभर सरकले की अनुस्वार आधी बुजतात. वजन एक पायरी जाड आणि आकार २ पॉइंट मोठा ठेवावा, नाहीतर अक्षरं सरळ फोटोखाली घ्यावीत. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. चार रंगांतून केलेल्या काळ्याला रंगीत कडा फुटतात.

मापांत ‘१ १/२ वाटी’ लिहिलं की मधली जागा आवळून त्याचं ११/२ होतं. ‘दीड वाटी’ लिहायला कसली लाज? आकडा आणि त्याची वस्तू एकाच ओळीत राहावी म्हणून मध्ये न तुटणारी जागा घालावी. वाटणाचं साहित्य वेगळ्या गटात, बाकीचं ज्या क्रमाने पडतं त्या क्रमाने.

आणि कृती समोरासमोरच्या दोन पानांत संपवावी. तिरफळं ठेचून घालायची ओळ पान उलटल्यावर येत असेल, तर ती बहुधा घातलीच जाणार नाहीत.