‘तुम्ही या चित्राची पूजा करता का?’

परदेशात आल्यावर ज्या ख्रिस्ती कुटुंबाशी माझा पहिल्यांदा घरोबा जमला, ते ऑर्थोडॉक्स मंडळीचे, म्हणजे पूर्वेकडील प्राचीन ख्रिस्ती परंपरेचे आहे. मी प्रोटेस्टंट, आमच्या उपासनेत प्रतिमांना स्थान नाही. त्यामुळे त्यांच्या घराच्या कोपऱ्यात तेवणारा तेलाचा दिवा, त्यामागची ख्रिस्ताची प्रतिमा आणि वर्षानुवर्षे ओठ टेकल्याने तिच्या खालच्या कडेचे झिजलेले वार्निश पाहिले, तेव्हा मित्राच्या आईंना मी सरळ विचारले, “तुम्ही या चित्राची पूजा करता का?” उत्तर मनाशी आधीच ठरवून मी हा प्रश्न केला होता. ती माझी चूक होती.

त्यांनी राग न धरता मला पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) उत्पत्तीच्या पुस्तकाचा 23वा अध्याय काढायला लावला. पत्नी सारा हिच्या दफनासाठी जागा मागताना अब्राहाम हेथी लोकांपुढे लवून नमन करतो. निर्गमाच्या पुस्तकातील 20व्या अध्यायात मूर्तींपुढे जे करू नये म्हणून आज्ञा आहे, त्यासाठीही मूळ हिब्रूत हेच क्रियापद आहे. तेव्हा वाकणे हाच अपराध नव्हे. कोणाला काय मानून वाकलो, यावर सारे अवलंबून आहे, असे त्यांचे म्हणणे होते. इ.स. 787 मध्ये निकिया येथे भरलेल्या बिशपांच्या दुसऱ्या परिषदेने हाच भेद मांडला: प्रतिमेला वंदन करावे, ते प्रतिमेतील व्यक्तीला पोहोचते, आराधना मात्र केवळ देवाची. परिषदेच्या ठरावांचे लॅटिन भाषांतर इतके ढिसाळ झाले की हा भेदच पुसला गेला, आणि 794 मध्ये फ्रँकफर्टला जमलेल्या पाश्चात्त्य बिशपांनी, प्रतिमांना त्रैक्याइतकाच (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रिएक देवाइतकाच) मान द्यायला सांगितले आहे असे समजून, त्या ठरावांचा निषेध केला. वंदन आणि आराधना हे शब्द मराठीत वेगळे असूनही मी त्या दोहोंना एकाच प्रश्नात कोंबले होते, हे मला तेव्हा उमगले.

बोलता बोलता माझ्या मांडीवरचे पवित्र शास्त्र खाली पडले. मी ते चटकन उचलले आणि नकळत कपाळाला लावले. आईंनी शांतपणे विचारले, “आता नमस्कार कोणाला केलास? कागदाला?” त्यात टोमणा नव्हता. ज्याचे वचन त्यात आहे त्याला, असे मी म्हणालो, आणि म्हणताक्षणीच जाणवले की माझे उत्तर त्यांच्या उत्तराहून वेगळे नाही.

तरीही माझी शंका पुरती मिटलेली नाही, आणि ती मी त्यांच्यापासून लपवली नाही. रानात मोशेने पितळी सर्प केला तो देवाच्याच आज्ञेने. पण पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, म्हणून हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. देवाने करायला लावलेली वस्तूही अशी घसरू शकते, तर माणसाने रंगवलेल्या प्रतिमेची खात्री कोणी द्यावी? आई बराच वेळ दिव्याकडे पाहत राहिल्या. प्रतिमेलाच ताईत समजणारी माणसे त्यांच्याही मंडळीत आहेत आणि त्याचे त्यांना दुःख होते, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, “वचन पाठ असूनही देवाला विसरलेला माणूस तुमच्या मंडळीत कधी पाहिला नाहीस?”

पाहिला आहे. पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर मी उपासनेला गेलो. प्रतिमेला मी ओठ टेकले नाहीत आणि त्यांनीही आग्रह केला नाही. विश्वासांगीकार, म्हणजे आपला विश्वास जाहीर करणारे वचन, मात्र आम्ही शेजारी उभे राहून म्हटला.