मुक्काम

रविवार रात्र. परवा काशीहून परतलो. बॅगा अजून दिवाणखान्यातच आहेत आणि गंगाजलाच्या लोट्या ओट्यावर रांगेत उभ्या आहेत.

आईंचं सगळं नीट पार पडलं. त्याबद्दल आज लिहीत नाही. जन्मभर 'काशीस जावे नित्य वदावे' म्हणत राहिल्या आणि गेल्या त्या अशा.

मनात अडकून बसलंय ते भलतंच. गुरुजींच्या वहीत मी 'इंदौर' लिहिलं.

दुर्गाघाटाजवळच्या त्या जुन्या वाड्यात गुरुजींनी लाल फडक्यात बांधलेली वही सोडली आणि सावकाश पानं उलटू लागले. कितीतरी पिढ्या काशीत काढलेलं ते घर, पण त्यांचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. आमचं वाक्य 'न' आणि 'मतलब' घेतल्याशिवाय पुरं होत नाही. पणजोबांची नोंद मोडीत होती, ती त्यांनीच वाचून दाखवली. मला तर ओळीवरच्या आडव्या रेघेपलीकडे काही उमगेना. मग शके १८५६ची आजोबांची, बालबोध अक्षरात: 'मुक्काम इंदूर, होळकर संस्थान'. मग नानांची, १९५७ची. नाना तेव्हा कोणासाठी गेले होते ते गुरुजींनी वाचलं, आणि हे खिडकीबाहेर बघत बसले.

आईंची नोंद करायची वेळ आली तेव्हा यांनी पेन माझ्या हातात दिलं. "तुझं अक्षर चांगलं आहे." मी लिहिलं. आईंचं नाव, तिथी, आमची सगळ्यांची नावं, नातवंडांची. खात्री करायला गुरुजींनी मोठ्यानं वाचलं. शेवटी म्हणाले, "मुक्काम इंदौर." त्यांनी काही मुद्दाम म्हटलं नव्हतं. जसं लिहिलेलं तसं वाचलं. मी तोंड उघडेपर्यंत वहीला फडकं बांधून झालं होतं.

हे म्हणाले, कशाला खाडाखोड करायची. फोनवर चिरंजीव म्हणाले, "आई, बरोबरच तर आहे. आधारवर तेच आहे न." आहेच. स्टेशनच्या पाटीवर आहे, गॅसच्या पुस्तकात आहे, बँकेत आहे. मग मला रात्री झोप का लागली नाही?

कारण या घरात मराठीवरून सगळ्यांना टोकणारी मीच. मुलं लहान असताना 'चम्मच' म्हणाली की मी चमचा पुढे करत नसे. आणि लग्नानंतर मला टोकणाऱ्या आई. "सुनबाई, इंदौर रेल्वेवाल्यांचं. आपलं इंदूर." त्यांच्याच नावाखाली माझ्या हातानं इंदौर उमटावं! लोक काशीत काहीतरी सोडून येतात, कुणी फणस, कुणी वांगं. कालपासून शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या, काय सोडलं म्हणून. मला वाटतं, मी न ठरवता इंदूर सोडून आले.

आदल्याच दिवशी विश्वनाथाच्या नव्या आवारात अहिल्याबाईंच्या पुतळ्यासमोर माझा ऊर भरून आला होता. हे देऊळ १७८०मध्ये पुन्हा उभं राहिलं ते त्यांच्यामुळे. राहायच्या महेश्वरला आणि लक्ष काशीपर्यंत, गयेपर्यंत. दर्शनाच्या रांगेतल्या एका बाईंना मी सांगितलंसुद्धा, "हमारे इंदौर की हैं." तेव्हा काही खटकलं नाही. हिंदीत इंदौरच म्हणायचं असतं. पण त्यांच्या दरबारची पत्रं मोडी मराठीत जायची, आणि त्यांच्या गावातून आलेल्या मला माझ्या घरातली मोडीतली एक ओळ वाचता आली नाही. तेही कधी वाईट वाटलं नव्हतं. वाटलं ते एका मात्रेचं.

आज दुपारी विचार करत बसले की हातानं 'इंदूर' शेवटचं कधी लिहिलं. पुण्याच्या मावशीला पाठवलेल्या आंतर्देशीय पत्रावर, कोपऱ्यात. मावशी गेली आणि पत्रं संपली. त्यानंतर पंचवीसेक वर्षं मी बोलले मराठीत, रागावले मराठीत, देवापुढे बसले मराठीत. पण लिहिलं म्हणून जे काही, ते फॉर्म. आणि फॉर्म हिंदीतले. जीभ इंदूरची राहिली आणि हात इंदौरचा झाला, हे मला कळलंच नाही. ज्या इंद्रेश्वरावरून गावाला नाव पडलं म्हणतात, त्याच्या देवळावरून मी इतक्या वेळा जाते.

आत्ता जेवणं झाल्यावर मोबाईलवर नानांच्या पानाचा फोटो उघडला. आईंना दाखवावा असं क्षणभर वाटून गेलं. असो. फोटो मोठा केला तर 'इंदूर'च्या पुढे काहीतरी खोडलेलं दिसलं. नीट पाहिलं. नानांनी आधी 'मध्य भारत' लिहिलं होतं, त्यावर रेघ मारून वर 'मध्य प्रदेश' केलेलं. नवं राज्य होऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नसेल, नोव्हेंबर १९५६चं ते. म्हणजे नानांचा हातसुद्धा सवयीचं लिहून गेला होता. इतके काटेकोर नाना! किराण्याच्या यादीतलं शुद्धलेखन तपासणारे! त्यांनी तिथेच खोडलं, वर लिहिलं आणि वही परत दिली.

यांना दाखवलं तर खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आणि तू रडत बसली आहेस."

रडत नव्हते. पण छातीवरचं ओझं जरा उतरलं खरं. गुरुजींना फोन करून खोडायला सांगायचं ठरवलं होतं, ते आता राहू देते. पुढे कुणी जाईल, नातू किंवा नात, त्यांना ते पान तसंच दिसू दे. आजीचा हात तेव्हा काय लिहीत होता, ते कळेल.

उद्या सकाळी लोट्या वाटायला निघायचंय, रामबागेपासून. नागपूरची कुरियरनं.

नानांच्या 'इंदूर'मधला दीर्घ ऊकार खाली लांब ओढलेला आहे, पुढच्या ओळीच्या शिरोरेघेला टेकेल इतका. या वहीच्या मागच्या पानावर चार-पाच वेळा काढून पाहिला. तसा वळत नाही अजून.