सोमवार पेठ आणि तारखेची खिडकी

"सोमवार पेठ कुठंय?" आईनं भिंग डोळ्याला लावून विचारलं.

आज एका कारागिराकडे आम्ही दोघी त्याची घड्याळं बघत होतो. पितळेच्या तबकडीवर जुन्या पुण्याचा नकाशा कोरलेला. चाळीस मिलिमीटरात सगळ्या पेठा! मुठा निळ्या मीन्यानं भरलेली, मधोमध कसबा गणपती, त्याच्या वायव्येला शनिवारवाडा म्हणून एक इवलासा चौकोन. गल्ल्यांच्या रेघा तर केसाएवढ्या बारीक. इतकं देखणं काम मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

आईचं बोट मात्र कसब्यावरून पूर्वेकडे सरकलं आणि तीनच्या आकड्यापाशी थांबलं. तिथं तारखेची खिडकी होती. नागझरीचा ओढा, त्रिशुंड गणपती, तिचं माहेर, सगळं त्या कापलेल्या चौकोनात गेलेलं.

कारागीर खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, या मशीनची तारीख तीनलाच येते हो. तबकडी तिथं कापावीच लागते."

"तारीख कॅलेंडरात बघता येते रे," आई म्हणाली. रागानं नाही, अगदी सहज.

माहेरचा वाडा पाडला तेव्हा ती काहीच बोलली नव्हती. आज रिक्षात मात्र घरापर्यंत गल्लीतलं एकेक दार सांगत होती. वारांच्या नावाच्या पेठा असलेलं हे गाव घड्याळावर किती शोभतं! पण नकाशा हातात आला की माणूस आधी आपलंच घर शोधतो.

कारागिरानं बिनतारखेचं मशीन बसवून नवी तबकडी कोरायचं कबूल केलंय. दोन महिने लागतील.

तुमच्या गावाची तबकडी केली तर तुमची गल्ली किती वाजता येईल?