रेडिओमुळे पोरं शाळेत येतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं: "रेडिओवर बोलून पोरं शाळेत येतात का हो?"

जिंगल ऐकून आलेलं एकही पोर मी पाहिलेलं नाही. तरी आमचा सामुदायिक रेडिओ, म्हणजे आसपासच्या लोकांसाठीचं छोटं केंद्र, मी सोडत नाही. का, ते ऐका.

शिक्षण हक्क कायद्यावर आम्ही कार्यक्रम केला. कलम १४ सांगितलं: वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पुढच्याच थेट कार्यक्रमात फोन आला. पुण्याजवळच्या वाघोलीच्या बांधकामावरची बाई, मूळची नांदेडकडची. नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन शाळेत गेली, तर "आधी जन्मदाखला आणा." चिडली होती. "तुमीच म्हनला कागद लागत नाही. आज खाडा पडला माझा. कोन देनार?"

सहकाऱ्याने गाणं लावायची खूण केली. मी मानेनेच नको म्हटलं. पुन्हा कायदा समजावू लागले तर म्हणाली, "मला नका सांगू ताई. त्या सायबाला सांगा."

शाळेचं नाव तिने दिलं नाही. पोरीला तिथंच बसायचं होतं ना! मग नाव न घेता तिची हकिगत शिक्षण विभागाच्या एका अधिकाऱ्यांना स्टुडिओत ऐकवली. त्यांनी हुद्द्यासकट कलम वाचून दाखवलं. ते रेकॉर्डिंग तिने मोबाईलवर मागवून घेतलं आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर वाजवलं. कलम ४ प्रमाणे पोरगी वयानुसार चौथीत बसली. दिवाळीनंतर साईट संपली, फोन लागेना. आता हे पोर शाळेत आलं म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

पूर्वी मी म्हणायचे, माहिती पोचली की आपलं काम झालं. आता म्हणते, उलटा आवाज वर गेला पाहिजे. यात माझं शहाणपण काही नाही. १९५६ साली आकाशवाणी पुणे आणि युनेस्कोने गावोगावी श्रोतामंडळं बसवली होती. मंडळी ऐकायची, चर्चा करायची, प्रश्न आकाशवाणी केंद्राकडे पाठवायची आणि उत्तरं पुढे प्रसारित व्हायची. सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट! आणि आपण अजून 'चला चला शाळेला'ची जिंगल वाजवतोय.

"व्हॉट्सॲप आहे की," असंही म्हणता. आहे, रिचार्ज असेपर्यंत. साध्या फोनवर इअरफोनची वायर हीच एफएमची अँटेना, त्याला पैसे पडत नाहीत. अर्थात आमचा ट्रान्समीटर साधारण १०० वॉटचा. ती बाई पुढच्या साईटवर ज्या गावी गेली असेल तिथे आमचा आवाज पोचतच नसेल.

सहकारी अजून म्हणतो, गाणं लावायला हवं होतं. खाडा पडलेल्या बाईला आपण चव्हाट्यावर आणलं. मी भांडते. पण त्या दिवसाची मजुरी तिला कुणीच दिली नाही, आम्हीसुद्धा नाही, हे तो म्हणाला की मला उत्तर सुचत नाही.