निकालपत्राच्या आधीचं शिकवणारं कॉलेज

प्रवेशाचे दिवस आले की कुणी ना कुणी मला विचारतंच, ‘चांगलं लॉ कॉलेज ओळखायचं कसं?’ विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा क्रमवारीची यादी असते. मी दिवाणी दावे चालवते. नुकतीच वकिली सुरू केलेली मुलं-मुली माझ्याकडे कामाला येतात आणि कुठल्या कॉलेजाने कुणाला काय दिलं, ते पहिल्या काही आठवड्यांतच दिसतं. समोर अशील बसलेला असतो. कागदांचा गठ्ठा टेबलावर पडलेला असतो, त्यातले निम्मे कागद दाव्याशी संबंध नसलेले. आणि अशील आपली हकिगत मधूनच कुठूनतरी सांगायला लागतो. काही ज्युनिअर लगेच कलमं सांगू लागतात. काही जण मात्र वही उघडतात, तारखा लिहून घेतात आणि हळूच विचारतात, ‘हे पत्र तुम्हाला मिळालं तेव्हा घरात आणखी कोण होतं?’ असा प्रश्न विचारायला ज्या कॉलेजाने शिकवलं, ते कॉलेज मला भक्कम वाटतं. बाकी सगळं त्याच्या नंतर.

हे इतकं दुर्मीळ का आहे, याचं कारण कायदा शिकवण्याच्या पद्धतीतच आहे. 1870 मध्ये क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हार्वर्डच्या लॉ स्कूलचे डीन झाले. त्यांनी ग्रंथातली सूत्रं पाठ करून घेण्याऐवजी प्रत्यक्ष निकालपत्रं वाचायला लावली. 1871 मध्ये करार कायद्यावरच्या निकालांचं त्यांचं संकलन आलं. वर्गात शिक्षक प्रश्न विचारणार आणि विद्यार्थ्याने निकाल उलगडून दाखवायचा. ही पद्धत मी मनापासून मानते. न्यायाधीशाच्या लेखनातलं निर्णयाचं खरं कारण कोणतं आणि ओघात केलेली टिप्पणी कोणती, हे ओळखणारी नजर याच सरावातून येते. पण निकालपत्रातली वस्तुस्थिती पाच-सहा परिच्छेदांत बसवलेली असते. कोण खोटं बोललं, कुठला कागद हरवला, कुठली तारीख कुणालाच नीट आठवत नव्हती, हे सगळं त्यातून गाळलं गेलेलं असतं. वकिलाचं काम तर तिथेच सुरू होतं.

डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हनसन हा निकाल जगभरातल्या लॉ कॉलेजांत शिकवतात. ऑगस्ट 1928 मध्ये स्कॉटलंडमधल्या पेझ्लीच्या एका कॅफेत मे डोनोह्यू यांच्यासाठी सोबतच्या व्यक्तीने जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नव्हतं. थोडं पेय पिऊन झाल्यावर उरलेलं ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असं त्यांचं म्हणणं होतं. पैसे त्यांनी स्वतः दिलेले नव्हते, म्हणून कराराच्या आधारावर दावा करता येईना. मे 1932 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 3 विरुद्ध 2 मतांनी ठरवलं, की शेवटच्या ग्राहकाबाबतही उत्पादकाने काळजी घेणं बंधनकारक आहे. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिन यांचा ‘शेजारी कोण’ हा विचार (आपल्या वागण्याची झळ ज्याला बसू शकते तो शेजारी, त्याची काळजी घ्यायची) विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो.

मी ड्राफ्टिंगच्या, म्हणजे दाव्यांचे मसुदे लिहिण्याच्या, तासाला शिकवायला जाते तेव्हा त्याच विद्यार्थ्यांना विचारते, ‘बाटलीत गोगलगाय होती हे सिद्ध कसं झालं?’ वर्ग शांत होतो. कारण ते कधी सिद्ध झालंच नाही. लॉर्ड्ससमोर प्रश्न एवढाच होता, की बाईंचं म्हणणं खरं धरलं तर दावा उभा राहतो का. पुरावा व्हायच्या आधीच पेयाचे उत्पादक स्टीव्हनसन वारले आणि पुढे प्रकरण तडजोडीत मिटलं.

मग मी त्यांना डोनोह्यू यांच्या वकिलाकडे, वॉल्टर लीचमन यांच्याकडे घेऊन जाते. त्याआधी लीचमन यांनी अशाच एका प्रकरणात काम केलं होतं. त्यात जिंजर बिअरच्या बाटलीत उंदीर सापडला होता. लीचमन यांची बाजू 20 मार्च 1929 रोजी वरच्या न्यायालयात हरली. तरीही 9 एप्रिलला त्यांनी डोनोह्यू यांचा 500 पौंडांचा दावा दाखल केला. विरोधातला निकाल इतका ताजा असताना हा माणूस पुन्हा का गेला? दाव्यात त्यांनी काय मांडलं? बाटली अपारदर्शक होती. कॅफेत उघडेपर्यंत ती बंदच होती. रिकाम्या बाटल्या ठेवायच्या जागी गोगलगायींना मोकळा शिरकाव होता. यातल्या प्रत्येक वाक्याला दाव्यात नेमून दिलेलं काम आहे. पुढे अपिलासाठी डोनोह्यू यांनी शपथेवर सांगितलं, की आपल्याकडे पाच पौंडांचीही मालमत्ता नाही. म्हणून त्यांना निर्धन म्हणून अपील करायची परवानगी मिळाली. तीही तजवीज कुणीतरी वेळेवर केलीच होती. लॉर्ड अ‍ॅटकिन यांचं तत्त्व वाचायला मिळालं ते या सगळ्या खटपटीमुळे. आणि वर्गात वाचलं जातं फक्त तत्त्व!

जेरोम फ्रँक यांनी 1933 मध्ये हीच तक्रार केली होती. ते स्वतः वकील होते, पुढे अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयात न्यायाधीश झाले. नुसती निकालपत्रं वाचणारा विद्यार्थी म्हणजे खुडलेल्या फुलांवरून बागकाम शिकणारा माणूस, असं त्यांचं म्हणणं. लॉ स्कूलमध्ये क्लिनिक हवं, जिथे शिक्षकाच्या देखरेखीखाली विद्यार्थी खऱ्या माणसांची प्रकरणं हाताळतील, हा त्यांचा आग्रह होता. हे काम किती दूर जाऊ शकतं, त्याचा दाखला म्हणजे 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड यांनी सुरू केलेला इनोसन्स प्रोजेक्ट. तिथे विद्यार्थी जुन्या खटल्यांचे कागद चाळतात, डीएनए तपासण्याजोगा पुरावा शिल्लक आहे का ते शोधतात. चुकीने दोषी ठरलेली माणसं त्यातून सुटली आहेत. जर्मनीत वाट वेगळी आहे: पहिल्या राज्य परीक्षेनंतर दोन वर्षं दिवाणी न्यायालय, सरकारी वकील, प्रशासन आणि वकिलाचं कार्यालय असं फिरून काम करावं लागतं, मगच दुसरी परीक्षा.

मात्र नुसतं ‘आमच्याकडे क्लिनिक आहे’ एवढ्याने माझं समाधान होत नाही. पुष्कळ ठिकाणी क्लिनिक म्हणजे एक शिबिर, एक बॅनर आणि गटाचा फोटो. विद्यार्थ्याने अशिलाशी बोलावं, शिक्षकाने बाजूला बसून ऐकावं, अशील गेल्यावर दोघांनी त्या बोलण्याची चिरफाड करावी, हे घडलं तर ते क्लिनिक. ‘तू त्यांना मध्येच तोडलंस, त्या वाक्यानंतर बाई भावाच्या सहीबद्दल सांगणार होत्या’ हे दाखवणारं माणूस शेजारी लागतं. असे शिक्षक महाग पडतात. एका शिक्षकामागे आठ-दहाच विद्यार्थी ठेवावे लागतात. म्हणून हिशेब बघणाऱ्या संस्था यातच आधी काटकसर करतात, आणि मला त्याचा राग येतो.

लेखनाचंही तसंच. ड्राफ्टिंग एका सत्रात, नमुन्यांच्या पुस्तकातून उतरवून, सुंदर अक्षरात फाइल करून होत नाही. मसुदा लिहायचा, लाल शाईने भरून परत घ्यायचा, पुन्हा लिहायचा, पुन्हा परत घ्यायचा. एक तरी शिक्षक असा हवा जो शेऱ्यात लिहील, ‘परिच्छेद 7 मधली तारीख परिच्छेद 3 शी जुळत नाही, विरुद्ध पक्षाचा वकील इथेच उलटतपासणी सुरू करेल.’

मूट कोर्टाबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावासाठीच्या लुटुपुटीच्या न्यायालयाबद्दल, दोनच शब्द. बेंचवरून आलेल्या प्रश्नाला उभ्या जागी उत्तर देण्याची सवय त्यातून लागते, ती मोलाची. 1960 पासून चालणाऱ्या जेसप या आंतरराष्ट्रीय मूट कोर्ट स्पर्धेत तर प्रत्येक संघाला दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. पण तिथेही वस्तुस्थिती आधीच छापून दिलेली असते. ट्रॉफ्यांचं कपाट बघून कॉलेज निवडू नका. ग्रंथालय, डेटाबेस हवेतच, त्यावर वाद नाही.

व्यावसायिक नीती हा विषय बहुतेक ठिकाणी शेवटच्या सत्रात, नियम पाठ करून आटोपतात. 2007 मध्ये कार्नेगी फाउंडेशनने अमेरिकेतल्या कायदेशिक्षणावर अहवाल दिला, त्यातही हेच बोट ठेवलं होतं: तर्क शिकवण्यात ही विद्यालयं जोरदार, प्रत्यक्ष काम आणि व्यवसायाची नैतिक बाजू शिकवण्यात कमी. अशिलाला ‘तुमची बाजू कमकुवत आहे’ हे कधी, कुठल्या शब्दांत सांगायचं? त्याने दिलेला कागद बनावट वाटला तर काय करायचं? नियमावलीत याची उत्तरं अर्धीच असतात. उरलेली, अनुभवी शिक्षकाला तसा प्रसंग हाताळताना पाहूनच मिळतात.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी सांगते, कॉलेज बघायला जाल तेव्हा शेवटच्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी गाठा. तिला विचारा, ‘तू लिहिलेला एखादा मसुदा दाखवशील? त्यावर शेरे कुणी मारले? किती वेळा परत आला?’ तिच्याकडे दाखवण्यासारखं काहीच नसेल तर पुढचं कॉलेज बघा. ती म्हणाली, ‘माझ्या क्लिनिकमधल्या अशिलाचे कागद दाखवता येणार नाहीत, पण वर्गातला सराव-मसुदा दाखवते,’ तर तिथेच बसा, तो मसुदा शेऱ्यांसकट वाचा आणि प्रवेशाची शेवटची तारीख विचारून घ्या.